दोन सर्व्हर असूनही फोन का लागत नव्हते

आयपी फोनचा रिसीव्हर उचलल्यावर जो टोन ऐकू येतो तो सर्व्हरकडून येत नाही, फोनच तो वाजवतो. म्हणूनच पुण्यातल्या एका रुग्णालयात त्या संध्याकाळी काय बिघडलंय ते कुणाच्या चटकन लक्षात येईना. सिस्टर रिसीव्हर उचलायच्या, टोन यायचा, रक्तपेढीचा नंबर लावायच्या आणि पुढे नुसती शांतता. सर्व्हरकडून काहीच उत्तर आलं नाही, तर सिप या कॉल जोडणाऱ्या प्रोटोकॉलच्या नियमाप्रमाणे फोन ३२ सेकंद वाट पाहतो आणि मग प्रयत्न सोडतो. नंबर चुकला असेल म्हणून पुन्हा लावायचा, की पुन्हा ३२ सेकंद. शेवटी वॉर्डबॉय चिठ्ठ्या घेऊन जिन्यांवरून धावू लागले. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. पण अतिदक्षता विभागाबाहेर उभं राहून ती धावपळ पाहिल्यापासून या विषयाकडे मी केवळ तांत्रिक काम म्हणून पाहू शकत नाही.

त्या रुग्णालयाने काटकसर केली नव्हती. ॲस्टेरिस्क हे टेलिफोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर चालवणारे दोन सर्व्हर होते आणि त्यांच्यात कीपअलाइव्हड हा ताबा बदलणारा प्रोग्रॅम बसवलेला होता. मुख्य सर्व्हर दर सेकंदाला ‘मी आहे’ असा संदेश पाठवतो. साधारण तीन सेकंद तो आला नाही, तर राखीव सर्व्हर सामायिक आयपी पत्ता स्वतःकडे घेतो. त्या संध्याकाळी मुख्य सर्व्हरवरचं ॲस्टेरिस्क आतल्या आत अडकून पडलं होतं, पण ‘मी आहे’ म्हणणारा प्रोग्रॅम वेगळा, तो व्यवस्थित चालू होता. पिंगला उत्तर येत होतं, चालू प्रोग्रॅमच्या यादीत ॲस्टेरिस्कचं नावही दिसत होतं. राखीव सर्व्हरला सगळं आलबेल वाटत होतं. तो पूर्ण तयारीत होता, फक्त त्याला कुणी बोलावलंच नाही.

तेव्हापासून कुठल्याही ठिकाणी गेलो की माझा पहिला प्रश्न हाच असतो: तुमचा राखीव सर्व्हर नक्की कशावर लक्ष ठेवून आहे? मशीन चालू आहे यावर, की कॉल लागतोय यावर? ॲस्टेरिस्कला सिपची ‘ऑप्शन्स’ विनंती पाठवून उत्तर येतं का ते तपासणारी छोटी स्क्रिप्ट कीपअलाइव्हडला जोडता येते. सलग तीनदा उत्तर आलं नाही तरच ताबा बदलावा, एका हुकलेल्या पॅकेटवरून नको. नाहीतर दोन्ही सर्व्हर दिवसभर पत्ता इकडून तिकडे टोलवत राहतात. पण एवढ्यावर थांबू नका. ‘ऑप्शन्स’ला उत्तर येतं आणि तरी कॉल लागत नाही, किंवा कॉल लागतो पण आवाज एकाच बाजूने जातो, हे मी पाहिलेलं आहे. सिपचे निरोप आणि आवाजाची पॅकेट वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतात. म्हणून बाहेरच्या लाइनवरून ठरावीक वेळाने आपोआप एक कॉल यावा, ध्वनिमुद्रित वाक्य वाजावं आणि ते पलीकडे पोचलं की नाही हे तपासलं जावं.

आता ताबा बदलला असं धरू. पत्ता राखीव सर्व्हरकडे आला. तिथला माणूस उत्साहाने फोन लावून पाहतो, लागतो, आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. इथेच घात होतो. कोणता फोन कुठल्या पत्त्यावर आहे याची नोंद साधारणपणे ज्या त्या सर्व्हरवरच असते. राखीव सर्व्हरला ती ठाऊकच नसेल, तर बाहेर जाणारे कॉल लागतात, पण येणारे वाजत नाहीत. ऑपरेशन थिएटरमधून बाहेर फोन करता येतो, थिएटरला मात्र कुणी गाठू शकत नाही. फोनच्या नोंदणीची मुदत ३६०० सेकंद ठेवलेली असेल, तर हे तासभर चालू शकतं. मुदत दोन ते पाच मिनिटांवर आणा, किंवा नोंदी दोन्ही सर्व्हरना दिसतील अशा डेटाबेसमध्ये ठेवा. त्या डेटाबेसचीही दुसरी प्रत हवी, हे ओघाने आलंच. ताबा बदलताना चालू असलेले कॉल ॲस्टेरिस्कमध्ये तुटतात. फ्रीस्विच या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते पुन्हा उभे करण्याची सोय आहे. चालू कॉल तुटू शकतात हे व्यवस्थापनाला आधीच स्पष्ट सांगा. ‘काहीच कळणार नाही’ असं आश्वासन देऊ नका.

दोन सर्व्हरमधला दुवा तुटला, तर दोघेही स्वतःला मुख्य समजून एकच पत्ता घेतात. मग काही फोन इकडे, काही तिकडे, आणि एकाला दुसरा सापडत नाही. ताबा बदलण्यासाठी पेसमेकर नावाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर तिसरं मत देणारं मशीन ठेवा, आणि जुन्या सर्व्हरची वीज तोडूनच नव्याने ताबा घ्यावा अशी मांडणी करा.

सर्व्हरच्या पलीकडेही पाहा. दोन्ही सर्व्हर एकाच रॅकमध्ये, एकाच यूपीएसवर आणि एकाच स्विचला जोडलेले मी कितीदा पाहिलेत. बाहेरची लाइन एकाच फायबरवर असते, आणि रस्त्यावर जेसीबी आला की ती तुटते. दुसऱ्या कंपनीची लाइन घेताना तिची केबल इमारतीत दुसऱ्या बाजूने येते का, हे स्वतः जाऊन बघा. कागदावर दोन कंपन्या आणि जमिनीत एकच चर, असंही असतं. शिवाय तुमचा नंबर पहिल्या कंपनीकडे असल्यामुळे तिची लाइन गेली की येणारे कॉल आपोआप दुसरीकडे वळत नाहीत. ते कुठे वळवायचे, हे त्या कंपनीकडून आधीच लेखी ठरवून घ्या.

आणि सराव करा. सर्व्हर शिस्तीत बंद करून केलेला सराव फसवा असतो, कारण बिघाड कधी शिस्तीत येत नाही. मी एकदा विजेची केबल उपसतो आणि एकदा ‘किल’ आज्ञेने ‘स्टॉप’ सिग्नल पाठवून ॲस्टेरिस्क गोठवतो. मशीन जिवंत, प्रोग्रॅम यादीत, पण उत्तर नाही: त्या संध्याकाळची हुबेहूब स्थिती. हा सराव दिवसा, सगळ्या विभागांना आधी कळवून करायचा, आणि त्या वेळी प्रत्येक वॉर्डमधल्या माणसाने फोन करूनही बघायचा आणि घेऊनही. दुसऱ्या सर्व्हरवर नवीन एक्स्टेन्शन चढवायचं राहून गेलेलं असेल तर ते इथे उघडं पडतं. मूळ सर्व्हर दुरुस्त झाल्यावर त्याने आपोआप ताबा परत घेऊ नये, अशी सेटिंग ठेवा. बिघाडाचं कारण सापडेपर्यंत राखीव सर्व्हरवरच काम चालू द्या आणि परतीची वेळ रुग्णालयाला विचारून ठरवा.