एका डोक्यात दोन किडे



विनयपिटकाच्या महावग्गात जीवकाची एक गोष्ट येते. राजगृहाच्या श्रेष्ठीचे डोके सात वर्षे दुखत होते. काही वैद्य म्हणाले, हा पाचव्या दिवशी मरेल. काही म्हणाले, सातव्या. जीवकाने कवटी उघडून दोन किडे काढले, एक मोठा, एक लहान. पाचवा दिवस सांगणाऱ्यांना मोठा दिसला होता, सातवा सांगणाऱ्यांना लहान.

दोन वेगवेगळी औषधे पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊनही उतार पडला नाही, तर ते नैराश्य उपचारांना दाद न देणारे मानतात. अशा रुग्णांत बरेचदा दुसरा आजार सोबत असतो: चिंताविकार, पॅनिक, जुन्या आघाताचा ताण, दारूचे व्यसन. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ७०२ रुग्णांच्या युरोपीय अभ्यासात सर्वांत घट्ट संबंध चिंताविकाराशी आढळला. कधी आजार मुळात बायपोलर असतो; मग नुसत्या नैराश्याच्या गोळीने भागत नाही, कधी मन भलतेच उसळते.

इथे लंडनमध्ये माझी दोन औषधे वाया गेली. पुढच्या डॉक्टरांनी विचारले, "माणसांत जाणे कधीपासून टाळता?" मी म्हणालो, इंजिनिअरिंगच्या होस्टेलपासून. तिथे कोणी आडनाव विचारले की छाती धडधडायची. इथल्या मराठी कार्यक्रमांतही तेच, म्हणून दोन पेग घेऊन जायचो. रविवारी विहारात पंचशील म्हणायचो, पाचवे शीलसुद्धा, आणि हे कुणालाच सांगत नव्हतो. मला तो आजार वाटलाच नाही, स्वभाव वाटला. (एका बिघाडामागे दोन बग असले तर एक काढूनही एरर तोच राहतो, हे मी ऑफिसात ज्युनियरना शिकवतो!)

डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू सोडली, चिंतेसाठी सीबीटी सुरू केली. नैराश्याची गोळी चालूच आहे.

तुमच्यापैकी कुणाचे असे अडले असेल, तर झोप, दारू, धडधड, वाईट स्वप्ने, न झोपताही अंगात वारे भरल्यासारखे गेलेले दिवस, सगळे लिहून न्या. शक्यतो घरचे माणूस सोबत न्या. त्यांना जास्त दिसलेले असते. गोळ्या मनाने बंद करू नका. दहा दिवसांच्या शिबिराच्या अर्जात आजार लपवू नका. जीव नकोसा झाला तर कॅनडात ९८८ वर केव्हाही फोन लागतो.

जीवकाने श्रेष्ठीला दोन्ही कुशींवर आणि उताणे, प्रत्येकी सात महिने पडून राहायला सांगितले होते. तो सात-सात दिवसच टिकला. जीवक म्हणाला, महिने सांगितले म्हणून तरी तेवढे पडलास. माझे सीबीटीचे नववे सत्र गुरुवारी आहे.