कापूस, सोयाबीन, तूर विकताना आयात शुल्काच्या तारखा ध्यानात ठेवा
(बीड जिल्ह्यासाठी हंगामी सल्ला : नोव्हेंबर २०२५)

सप्टेंबरच्या अतिवृष्टीने सिंदफणेच्या आणि गोदेच्या काठची शेते पाण्याखाली गेली. त्यातून वाचलेला माल आता घरात येतो आहे. गेवराई, माजलगाव, वडवणीत कापसाची वेचणी चालू आहे. अंबाजोगाई, केज, परळीकडे सोयाबीनची रास झाली आहे. तूर शेंगा धरते आहे. या मालाचा भाव मोंढ्यातल्या बोलीवर ठरतो, पण त्या बोलीमागे दिल्लीत निघणारी सीमाशुल्काची अधिसूचना असते. परदेशातून येणाऱ्या मालावर किती शुल्क आहे आणि ते कोणत्या तारखेपर्यंत आहे, हे ठाऊक असलेला शेतकरी घाईने माल फुंकत नाही आणि खोट्या आशेवर साठवूनही ठेवत नाही. म्हणून यंदाची पीकवार स्थिती आणि तिच्यावरून करायचे नियोजन येथे देत आहोत.

कापूस : ३१ डिसेंबर ही महत्त्वाची तारीख

२ फेब्रुवारी २०२१ पासून आयात रुईवर ११ टक्के शुल्क होते. त्यात ५ टक्के मूळ सीमाशुल्क, ५ टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर आणि या दोन्हींवर १० टक्के समाजकल्याण अधिभार असा हिशेब आहे. यंदा अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क जाहीर केले आणि कापड उद्योग अडचणीत आला. तेव्हा केंद्राने १९ ऑगस्टपासून रुईची आयात शुल्कमुक्त केली. ही सवलत आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती, नंतर ती ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. म्हणजे आपली पहिली-दुसरी वेचणी बाजारात येते, नेमक्या त्याच महिन्यांत परदेशी रुईला दार उघडे आहे.

याचा फटका किती, ते उदाहरणाने पाहू. परदेशी रुई बंदरावर खंडीला ५५,००० रुपयांना पडते असे धरू. ११ टक्के शुल्क असते तर ती गिरणीला ६१,०५० रुपयांना पडली असती. खंडी ३५६ किलोची, आणि क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. त्या हिशेबाने एका क्विंटल कापसामागे सुमारे ५७८ रुपयांचा आधार निघून जातो. बाजारात तो सगळाच्या सगळा भावातून वजा होतो असे नाही, पण गिरणीमालकाला घासाघीस करायला तेवढी जागा मिळते.

अशा वेळी हमीभाव हाच पायाखालचा दगड. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,७१० रुपये, तर लांब धाग्याला ८,११० रुपये हमीभाव आहे. भारतीय कापूस महामंडळाच्या म्हणजे सीसीआयच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी लागते. आधार, चालू वर्षाच्या पीक नोंदीसह सातबारा आणि आधारशी जोडलेले बँक खाते तयार ठेवा. ई-पीक पाहणीत कापसाची नोंद नसेल तर केंद्रावर अडचण येते, म्हणून तलाठ्याकडे आजच चौकशी करा.

सीसीआयचा पूर्ण भाव ८ टक्के ओलाव्यापर्यंतच्या कापसाला मिळतो. त्यापुढे प्रत्येक टक्क्याला भावात एक टक्का कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वर कापूस घेतलाच जात नाही. म्हणजे लांब धाग्याच्या कापसात एका टक्क्याच्या ओलाव्याला क्विंटलमागे सुमारे ८१ रुपये जातात. दव सुकल्यावर वेचणी करा. कापूस पातळ थरात वाळवा. पावसात भिजलेला आणि कवडी कापूस चांगल्या कापसात मिसळू नका, त्याची गंजी वेगळी लावा. गावात काटा घेऊन येणाऱ्या खेडा खरेदीच्या व्यापाऱ्याला माल देण्याआधी त्याचा भाव हमीभावाशी ताडून पाहा.

३१ डिसेंबरनंतर शुल्क परत लागेल आणि भाव उसळेल, या एकाच भरवशावर सगळा कापूस घरात दाबून ठेवू नका. २०२२ मध्येही अशीच सवलत दिली होती आणि तिची मुदत सप्टेंबरवरून ऑक्टोबरअखेरपर्यंत वाढवली होती. यंदाही एकदा मुदत वाढली आहे. देणी भागतील एवढा माल आता हमीभावाने विका आणि उरलेल्याचा विचार जानेवारीत करा. मात्र भावाच्या आशेने फरदड (वेचणीनंतर राखलेले जुने पीक) घेऊ नका, तिच्यावर गुलाबी बोंडअळी पोसली जाते आणि पुढचा हंगाम धोक्यात येतो.

सोयाबीन : तेलापेक्षा पेंडीकडे पाहा

सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे एकूण शुल्क २७.५ टक्के झाले होते. ३१ मे २०२५ पासून ते १६.५ टक्क्यांवर आणले. शुद्ध तेलावर मात्र ३५.७५ टक्के शुल्क कायम आहे. दोन्हींतल्या फरकामुळे देशातल्या तेल शुद्धीकरण कारखान्यांना काम मिळते, पण कच्चे तेल स्वस्त झाल्याने तेलबियांच्या भावाचा आधार कमी होतो.

तरी क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघते साधारण १८ किलो, उरलेला मोठा भाग पेंडीचा. त्यामुळे पेंडीला गिऱ्हाईक नसेल तर केवळ तेलाच्या शुल्काने सोयाबीन चढत नाही. मक्यापासून इथेनॉल करताना उरणारा चोथा पशुखाद्यात स्वस्तात मिळू लागल्याने सोयापेंडीची मागणी घटली आहे. ‘तेलाचे शुल्क वाढणार’ अशी नुसती कुजबुज ऐकून माल रोखून धरणे म्हणूनच धोक्याचे आहे.

यंदा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये आहे. खरेदी केंद्रावर १२ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. मोंढ्यात भाव पडलेला असेल आणि पैशाची निकड असेल, तर पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेची चौकशी आपल्या बाजार समितीत करा. माल गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम वर्षाला ६ टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. तूर आणि हरभरा यांनाही ही सोय आहे.

तूर आणि हरभरा : दोघांची गत वेगळी

तुरीची आयात ३१ मार्च २०२६ पर्यंत शुल्कमुक्त आहे. आफ्रिकेतली तूर या महिन्यांत येत असते आणि म्यानमारचे नवे पीक जानेवारीपासून, म्हणजे आपली तूर मोंढ्यात उतरते तेव्हाच निघते. म्हणून सुगीच्या तोंडावर भाव दबलेला राहण्याची शक्यता धरूनच चला. हमीभाव ८,००० रुपये आहे. नाफेड किंवा एनसीसीएफ या केंद्रीय सहकारी संस्थांच्या खरेदीची नोंदणी उघडताच करा. बीडीएन-७११ सारखे लवकर येणारे वाण डिसेंबरमध्ये कापणीला येते, तेव्हा नोंदणीची कागदपत्रे आधीच जुळवून ठेवा.

हरभऱ्याच्या बाबतीत चित्र थोडे बरे आहे. १ एप्रिल २०२५ पासून आयात हरभऱ्यावर १० टक्के शुल्क आहे. त्याहून मोठी गोष्ट पिवळ्या वाटाण्याची. डिसेंबर २०२३ पासून तो शुल्काविना येत होता आणि बेसनात, डाळीत हरभऱ्याची जागा घेत होता. १ नोव्हेंबर २०२५ पासून त्यावर ३० टक्के शुल्क लागू झाले आहे. ३१ ऑक्टोबरपर्यंत जहाजात चढलेल्या मालाला मात्र सूट आहे आणि आधीचा साठाही देशात पडून आहे, त्यामुळे परिणाम लगेच दिसणार नाही.

यंदा जमिनीत ओल चांगली आहे. हरभऱ्याचा हमीभाव ५,८७५ रुपये, तर करडईचा ६,५४० रुपये जाहीर झाला आहे. बागायती हरभऱ्याची पेरणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरका. बियाण्याला ट्रायकोडर्मा आणि रायझोबियमची प्रक्रिया करा. सगळे रान हरभऱ्याखाली आणू नका, हलक्या आणि ओल लवकर उडणाऱ्या जमिनीत करडई किंवा ज्वारी ठेवा.

कांदा : आष्टी, पाटोद्याच्या शेतकऱ्यांसाठी

निर्यातीचे शुल्क किती वेगाने बदलते, हे कांद्याइतके कोणत्याच पिकाने दाखवले नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागले आणि त्याच डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये मूल्याची अट जाऊन शुल्क २० टक्के झाले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते पूर्ण हटले. आज शुल्क नाही, तरी भावाची हमीही नाही. रब्बीची लागवड करताना चाळीची क्षमता पाहूनच क्षेत्र ठरवा आणि रोपे दोन टप्प्यांत लावा.

निर्यात करू पाहणाऱ्या गटांसाठी

बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ज्या उत्पादक कंपन्यांना असा माल स्वतः निर्यात करायचा आहे, त्यांनी आयात-निर्यात संकेतांक आणि अपेडाची (कृषी निर्यात प्राधिकरणाची) नोंदणी काढावी. करारात पुढील गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात.

• माल निघाल्यावर शुल्क बदलले तर वाढीव भार कोणी सोसायचा
• ज्या देशात माल जाणार, तिथले कीडनाशक अंशाचे निकष आणि तिथले आयात शुल्क
• वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राचा खर्च कोणाचा

एवढे नक्की करा

• शुल्काची बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर आली तर अधिसूचना निघाली का, ते कृषी विज्ञान केंद्रात किंवा बाजार समितीत विचारा.
• माल दोन-तीन टप्प्यांत विका. एकाच दिवशी सगळा विकू नका.
• प्रत्येक विक्रीची पट्टी जपून ठेवा. भावांतर, अनुदान किंवा तक्रारीसाठी तोच पुरावा असतो.

शेवटी एक मागणी आपण सर्वांनी ग्रामसभेच्या ठरावातून आणि लोकप्रतिनिधींमार्फत लावून धरली पाहिजे. आयात-निर्यात शुल्काचा निर्णय पेरणीपूर्वी जाहीर व्हावा आणि त्या पिकाचा विक्री हंगाम संपेपर्यंत तो बदलू नये. उद्योगाला सवलत हवी असेल तर सरकारने ती जरूर द्यावी, पण तिची किंमत वेचणीला बसलेल्या शेतकऱ्याच्या भावातून वसूल होता कामा नये.