खालच्या पायरीचे बळ

फुटबॉलचा खेळ आमच्या विद्यार्थ्यांस नवा नाही. भाताची कापणी उरकून खाचरे मोकळी झाली की आसपासच्या पाड्यांवर कोठे ना कोठे चेंडू उडू लागतो. परंतु या खेळातील क्लबाचा संसार कसा चालतो, गावच्या मैदानावरील अकरा गडी देशाच्या अव्वल श्रेणीपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतात, आणि तेथून खाली घसरल्यास त्यांची काय गत होते, याविषयी विद्यार्थ्यांस फारशी माहिती असल्याचे दिसत नाही. म्हणून या लेखात आमच्याच शेजारच्या गोमंतकातील क्लबांच्या उदाहरणावरून हा विषय समजावून देण्याचे आम्ही योजिले आहे. त्यातून जो बोध निघेल तो केवळ खेळापुरता नाही, हे वाचकांच्या ध्यानी येईलच.

प्रथम नियम समजून घेऊ. ज्या स्पर्धेत प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी खेळतो, तिला लीग म्हणतात. सामना जिंकल्यास ३ गुण, बरोबरी झाल्यास १ गुण व हरल्यास शून्य. हंगामाच्या अखेरीस गुणांची बेरीज होऊन संघांचा क्रम लागतो. चषकाच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत एक दिवस वाईट गेला की संघ घरी परततो; लीगमध्ये तसे होत नाही. येथे दैवाचा वाटा थोडा व सातत्याचा मोठा असतो. इंग्लंडात १८८८ साली १२ क्लबांनी एकत्र येऊन पहिली फुटबॉल लीग सुरू केली. १८९२ साली तिला दुसरी श्रेणी जोडण्यात आली, आणि १८९८ पासून वरच्या श्रेणीतील तळाचे संघ आपोआप खाली व खालच्या श्रेणीतील अग्रेसर संघ आपोआप वर, असा शिरस्ता पडला.

ही रचना शाळेतील इयत्तांसारखी आहे. खालच्या इयत्तेत चांगले गुण मिळविणारा वरच्या इयत्तेत चढतो. फरक एवढाच की, शाळेत एकदा चढलेल्यास कोणी खाली उतरवीत नाही. लीगमध्ये मात्र वर गेलेल्यास आपली जागा प्रत्येक वर्षी नव्याने कमवावी लागते. शिडी चढण्यासाठी मोकळी, तशीच उतरण्यासाठीही मोकळी. श्रीमंत क्लब तळाशी आला तर त्यासही उतरावे लागते, आणि आडगावचा क्लब जिंकत गेला तर त्यास कोणी अडवू शकत नाही.

आता गोमंतकाकडे वळू. आकाराने गोवे आमच्या पालघर जिल्ह्याहूनही लहान. तेथे हा खेळ १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मोपदेशकाने बार्देशातील शिवोली येथे आणला, असे मानतात. शाळेच्या अंगणातून तो गावात गेला आणि गावाचाच होऊन राहिला. १९५९ साली, पोर्तुगीज अंमल असतानाच, गोवा फुटबॉल संघटना स्थापन झाली. पुढे राज्याची लीग अनेक श्रेणींत विभागली गेली, त्यामुळे लहान गावच्या संघासही खेळावयास जागा मिळाली व वर चढण्यास वाट मिळाली. ही गोष्ट साधी दिसते, परंतु पुढील साऱ्या यशाचा पाया हाच होय.

या मातीत जे क्लब वाढले त्यांपैकी धेंपो स्पोर्ट्स क्लब हा विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. १९६८ साली धेंपो उद्योगगृहाने डिचोली येथील एक क्लब हाती घेतला आणि त्यास आपले नाव दिले. आरंभी राज्यापुरती कीर्ती असलेल्या या क्लबाने १९७० च्या दशकात मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकून आपले नाव गोव्याबाहेर नेले. १९९६ साली राष्ट्रीय लीग सुरू झाली. तिचे अजिंक्यपद गोव्यात प्रथम आणले ते वास्कोच्या साळगावकर क्लबाने, १९९८-९९ च्या हंगामात. धेंपोस मात्र थांबावे लागले. २००३-०४ मध्ये त्यांचा दुसरा क्रमांक आला, आणि पुढल्याच हंगामात, म्हणजे २००४-०५ मध्ये, ते अजिंक्य ठरले. त्यानंतर २००६-०७, २००७-०८, २००९-१० व २०११-१२ अशी आणखी चार वर्षे देशाचे अजिंक्यपद त्यांच्याकडे राहिले. २००८ साली आशियाई फुटबॉल महासंघाच्या एएफसी चषकात ते उपांत्य फेरीपर्यंत पोहोचले.

ही पाचही अजिंक्यपदे एकाच शिक्षकाच्या हाताखाली मिळाली. त्यांचे नाव आर्मांदो कुलासो. संघात परदेशी गडी होते, हे खरे. परंतु समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा यांसारखे गोव्याच्याच मैदानावर वाढलेले गडी त्याचा कणा होते. २००४-०५ पासून २०१२-१३ पर्यंतच्या ९ हंगामांत ८ वेळा देशाचा अजिंक्य क्लब गोव्याचा होता: ५ वेळा धेंपो, २ वेळा चर्चिल ब्रदर्स व १ वेळ साळगावकर. उरलेले एक अजिंक्यपद, २००५-०६ चे, मुंबईच्या महिंद्र युनायटेडने मिळविले.

येथवरची कथा चढण्याची झाली. परंतु आमच्या मते, क्लबाची खरी परीक्षा उतरणीवर होते. साळगावकरांचेच पाहा. २००७-०८ च्या हंगामात, म्हणजे राष्ट्रीय लीगला आय-लीग हे नवे नाव मिळाले त्याच वर्षी, हा एके काळचा अजिंक्य संघ तळाशी येऊन दुसऱ्या श्रेणीत ढकलला गेला. मानी मनुष्यास ही नामुष्की असह्य वाटावी. क्लबाने मात्र दार बंद केले नाही. २००९ साली दुसऱ्या श्रेणीचे अजिंक्यपद मिळवून तो वर आला, आणि २०१०-११ मध्ये सबंध देशाचा अजिंक्य ठरला. खाली पडल्यापासून सुमारे तीन वर्षांत हा संघ शिखरावर उभा होता.

याच्या शेजारी आपल्या महाराष्ट्रातील दोन उदाहरणे ठेवून पाहू. २००७ साली स्थापन झालेला पुणे फुटबॉल क्लब २००९ साली दुसऱ्या श्रेणीतून वर चढला. अव्वल श्रेणीतील पहिल्याच हंगामात त्याचा तिसरा क्रमांक आला, आणि २०१२-१३ मध्ये दुसरा. इतका झपाट्याने चढलेला संघ विरळा. परंतु २०१४-१५ च्या हंगामानंतर तो मालकांनी बंद केला. मुंबईचा महिंद्र युनायटेड तर देशाचा अजिंक्य झालेला संघ. तोही २०१० साली बंद झाला. यांपैकी कोणताही संघ खाली घसरून संपला नाही. गड्यांनी आपले काम चोख केले होते. निर्णय मैदानावर न होता मैदानाबाहेर झाला. आम्ही कोणास दोष देत नाही. संघ चालविणे फार खर्चाचे असते आणि ज्याचा पैसा त्याचा निर्णय. परंतु क्लब केवळ वरच्या श्रेणीपुरताच उभा असेल तर वरची जागा सोडताच त्यास टेकावयास दुसरी पायरी उरत नाही, हे यावरून दिसते.

पुढे धेंपोवरही कठीण प्रसंग आला. पाच वेळा अजिंक्य ठरलेला हा क्लब २०१४-१५ मध्ये तळाजवळ जाऊन दुसऱ्या श्रेणीत उतरला. एका वर्षातच, २०१५-१६ मध्ये, ती श्रेणी जिंकून त्याने वर येण्याचा हक्क मिळविला. परंतु याच सुमारास देशाच्या फुटबॉलची घडी बदलत होती. २०१४ साली इंडियन सुपर लीग या नव्या स्पर्धेस आरंभ झाला होता. तिच्यात प्रवेश मैदानावरील क्रमाने नव्हे, तर मोबदला देऊन मिळत होता, आणि खालून वर जाण्यास वाट नव्हती. हीच स्पर्धा यापुढे अव्वल मानावी व आय-लीग तिच्या खाली असावी, अशी योजना २०१६ साली पुढे आली. तिचा निषेध म्हणून धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग क्लब दे गोवा या तिन्ही क्लबांनी आय-लीग सोडली. शिडीच्या वरच्या पायऱ्याच काढून घेतल्या तर चढावे कोठे, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो रास्त होता.

आता धेंपोचे काय झाले? पुण्याच्या व मुंबईच्या संघांप्रमाणे तोही नाहीसा झाला काय? नाही. तो गोव्याच्या राज्य लीगमध्ये खेळत राहिला. ज्याने देशाचे अजिंक्यपद पाच वेळा मिळविले, तो गावोगावच्या संघांशी पुन्हा बरोबरीच्या नात्याने खेळू लागला. पुढे देशात शिडी पुन्हा मोकळी होऊ लागली. २०२२-२३ ची आय-लीग जिंकून पंजाबचा संघ २०२३ साली सुपर लीगमध्ये चढला, व त्यापुढील वर्षी कलकत्त्याचा, १८९१ साली स्थापन झालेला, मोहमेडन स्पोर्टिंग चढला. धेंपोनेही राज्य लीगमधून वर येऊन २०२३-२४ मध्ये आय-लीगच्या खालच्या श्रेणीत दुसरा क्रमांक मिळविला, आणि २०२४-२५ च्या हंगामात तो आय-लीगमध्ये पुन्हा खेळला. शिखरापासून तो अजून दूर होता, हे खरे. परंतु आठ वर्षांनंतर परतावयास मुळात संघ जिवंत असावा लागतो. तो जिवंत राहिला तो राज्याच्या लीगमुळे.

परदेशातही हाच अनुभव आहे. जपानात व्यावसायिक लीग १९९३ साली १० क्लबांनिशी सुरू झाली. १९९९ साली तिला दुसरी व २०१४ साली तिसरी श्रेणी जोडली गेली, आणि त्यांच्या खाली प्रांतोप्रांतीच्या लीग आहेत. तेथील नागानो प्रांतात, डोंगरांनी वेढलेल्या मात्सुमोतो शहरात, स्टेशनासमोर यामागा नावाचे एक कॉफीगृह होते. तेथे बसणाऱ्या गड्यांनी १९६५ साली एक संघ काढला व त्यास त्या कॉफीगृहाचेच नाव दिले. कित्येक दशके हा संघ प्रादेशिक लीगमध्येच खेळला. २०१० मध्ये तो राष्ट्रीय हौशी लीगमध्ये, २०१२ मध्ये व्यावसायिक दुसऱ्या श्रेणीत आणि २०१५ मध्ये अव्वल श्रेणीत पोहोचला. म्हणजे स्थापनेनंतर ५० वर्षांनी. त्याच वर्षी तो खाली आला. २०१९ मध्ये पुन्हा चढला, पुन्हा उतरला, आणि २०२२ मध्ये तिसऱ्या श्रेणीत खेळला. तरीही क्लब मोडला नाही. ज्यास अर्धशतक खालच्या पायरीवर राहण्याची सवय आहे, त्यास खालची पायरी म्हणजे मरण वाटत नाही.

आमच्या डहाणू-घोलवडच्या वाडीवाल्यांस हे सांगावयास नको. चिकूचे कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात. फळ चिकूचे लागते, बाजारात नाव चिकूचे होते. परंतु जमिनीत खोल जाऊन झाडास तग धरावयास लावतो तो खिरणीचा खुंट. अजिंक्यपद हे फळ होय, आणि गावचे मैदान व राज्याची लीग हा खुंट होय.

आता दोन शब्द विद्यार्थ्यांसाठी व त्यांच्या पालकांसाठी. आमच्या भागात एखादा मुलगा वा मुलगी नववीत नापास झाली, की पुष्कळदा ते मूल शाळेत परत दिसत नाही. लाजेने म्हणा वा घरच्या गरजेने म्हणा, पावसाळा सरताच ते वीटभट्टीवर वा मच्छीमारांच्या बोटीवर कामास जाते, आणि एका वर्षाचे अपयश सबंध आयुष्याचे होऊन बसते. घरची अडचण आम्ही जाणतो व तिला नावे ठेवीत नाही. परंतु नापास होणे म्हणजे खालच्या श्रेणीत एक हंगाम अधिक खेळणे. संघ मोडणे नव्हे. साळगावकरांनी २००८ साली संघ मोडला असता, तर २०११ चे अजिंक्यपद त्यांना मिळते ना.

म्हणून पालकांस आमची विनंती एवढीच की, मूल खाली आले तर त्यास मैदानातून काढून नेऊ नका. त्याच पायरीवर आणखी एक वर्ष उभे राहू द्या. आणि विद्यार्थिमित्रांनो, वरच्या वर्गात गेलेले तुमचे सोबती पाहून मान खाली घालू नका. जून महिन्यात शाळा पुन्हा उघडते. त्या दिवशी आपल्या जुन्याच बाकावर येऊन बसा.