वेग, शांतता आणि भरवसा

ग्वाल्हेरातील काही मराठी घरांतून शिंदेशाहीच्या काळचे मोडी कागद अजून जपलेले आहेत. त्यांची छायाचित्रे घेऊन ती आता संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये साठविता येतात. परंतु अशी डिस्क निवडावी कशी?

हिच्यात चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या फिरत असतात. १९५६ साली आय. बी. एम. कंपनीने आणलेल्या पहिल्या यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या मिनिटास १२०० फेरे घेत. आजच्या डिस्क बहुधा ५४०० वा ७२०० फेरे घेतात. हवी ती नोंद वाचकटोकाखाली येण्यास सरासरीने अर्धा फेरा लागतो. म्हणजे अनुक्रमे सुमारे ५.६ व ४.२ सहस्रांश सेकंद. मात्र वेगाबरोबर विजेचा खर्च, उष्णता व आवाजही वाढतो. पुढे गोळ्यांच्या बेअरिंगऐवजी आस तेलाच्या पातळ थरावर फिरू लागला आणि आवाज पुष्कळ घटला.

मग आवाज न करणारी डिस्क निर्धोक समजावी काय? तसे नाही. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बिघडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कांनी बिघाडाच्या चार प्रमुख पूर्वसूचनांपैकी एकही दिली नव्हती.

तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, छायाचित्रे पाहताना सुमारे १.४ सहस्रांश सेकंदाचा फरक जाणवतो थोडाच! त्यासाठी मंद, शांत डिस्क पुरेशी आहे. पण प्रती दोन कराव्या आणि त्या निरनिराळ्या डिस्कांवर, निरनिराळ्या घरी ठेवाव्या. मूळ कागद तर मुळीच टाकू नये.