घोरपड आणि जलपर्णीवरचा भुंगेरा

शनिशिंगणापूर बिनदाराच्या घरांसाठी प्रसिद्ध आहे. पण त्या परिसरातल्या एखाद्या शेताच्या बांधावर घोरपड दिसली, तर तिच्याकडेही भौतिकशास्त्राच्या नजरेने पाहा. तिच्याशी तुलना करायला आपण एक चिमुकला प्राणी घेऊ. जलपर्णीची पाने खरवडून खाणारा निओकेटिना नावाचा हा भुंगेरा. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली, आणि हा भुंगेराही तिकडचाच. जलपर्णीला आळा घालण्यासाठी १९८० नंतरच्या दशकात तो भारतात मुद्दाम आणून सोडला गेला.

भुंगेरा ५ मिलिमीटर लांब, घोरपड सव्वा मीटर धरा. म्हणजे लांबी २५० पट. भुंगेऱ्याचे वजन अंदाजे १३ मिलिग्रॅम मानू. त्याचाच आकार कायम ठेवून तो २५० पट मोठा केला, तर घनफळ २५० × २५० × २५०, म्हणजे दीड कोटी पटींहून अधिक होईल आणि वजन २०० किलो भरेल! घोरपड सडपातळ म्हणून तीनएक किलोवर भागते.

आता दोघांना पाण्यावर ठेवू. पाण्याचा पृष्ठताण दर सेंटीमीटरला सुमारे ७२ डाईन असतो. भुंगेऱ्याच्या कडेची लांबी १.२ सेंटीमीटर धरली, तर पाण्याचा पापुद्रा जास्तीत जास्त ८६ डाईन, म्हणजे ८८ मिलिग्रॅम भार पेलेल. हा भार त्याच्या वजनाच्या सहापटींहून अधिक झाला. मात्र तो ओला झाला, तर हाच पापुद्रा त्याला जखडून ठेवील. म्हणून तर त्याच्या अंगावर पाणी न धरणाऱ्या खवल्यांचे दाट आवरण असते.

घोरपडीची कड अडीच मीटर धरा. पापुद्रा पेलणार १८ ग्रॅम! तिला त्याची जाणीवही होत नाही. ती पोहते ती आर्किमिडीजच्या उद्धरणाच्या बळावर, शेपटीने पाणी कापत. (तेलाच्या खुळ्या समजुतीपायी तिला मारणारे लोक अजून आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.)

हे पडताळून पाहायचे असेल, तर दाढीचे पाते कागदावर ठेवून अलगद पाण्यावर सोडा. कागद बुडेल, पाते तरंगेल. पात्याची कड मोजून वरचे गणित करा. मग कडेला साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाका आणि काय होते ते वहीत लिहा.