फरशीची संकेतसूची

भूगोलाच्या प्रात्यक्षिकाच्या तासाला स्थलदर्शक नकाशा समोर आला, की आपण प्रथम त्यावरील रूढ चिन्हे पाहतो. निळी रेघ म्हणजे पाणी, तपकिरी रेघ म्हणजे समोच्चरेषा, हिरवा रंग म्हणजे झाडी. भारतीय सर्वेक्षण विभागाची ही चिन्हे एकदा पाठ झाली, की कोकणातला नकाशा काय आणि विदर्भातला काय, सारखाच वाचता येतो. इमारतीच्या नकाशाचे तसे नाही. छेदचित्रात वीट, दगड, काँक्रीट कसे दाखवावे यासाठी ‘आय. एस. ९६२’ हे भारतीय मानक आहे. त्याची सुधारलेली आवृत्ती १९८९ मध्ये निघाली. परंतु खोलीत कोणती फरशी बसणार हे कोणत्या खुणेने दाखवावे, ते बहुधा प्रत्येक कार्यालय आपापले ठरविते. म्हणून नकाशाच्या कोपऱ्यात चौकोन आखून, त्यात खुणा भरून, पुढे त्यांचे अर्थ द्यावे लागतात. याला इंग्रजीत ‘लेजंड’ म्हणतात. मी या लेखात संकेतसूची म्हणणार आहे.

बी. ए. चा अभ्यास सांभाळून मी संध्याकाळी एका वास्तुरचनाकाराच्या कार्यालयात नकाशे काढण्यास जातो. तेथे ‘रेव्हिट’ नावाची संगणकप्रणाली वापरतात. ही प्रणाली २००० साली प्रथम बाजारात आली आणि २००२ मध्ये ‘ऑटोडेस्क’ कंपनीने ती विकत घेतली. कागदावर किंवा जुन्या पद्धतीच्या संगणकावर आपण रेघ काढतो. येथे रेघ काढीत नाही, भिंत उभी करतो, जमीन अंथरतो. त्या जमिनीला किती थर आहेत, वरचा थर कशाचा, हे प्रणालीला ठाऊक असते. मग नकाशा, छेद, क्षेत्रफळाचा तक्ता ही सारी त्याच एका प्रतिकृतीची निरनिराळी रूपे होतात.

एवढे असूनही संकेतसूची मात्र पुष्कळदा हातानेच चितारली जाते, आणि घोटाळा येथेच होतो. तालुक्याच्या गावातील एका लहान प्रसूतिगृहाचे नकाशे दुसऱ्या एका कार्यालयाकडून पुढील कामासाठी आमच्याकडे आले. प्रतिकृतीत न्हाणीघराची फरशी ‘खडबडीत कोटा’ अशी बदललेली होती. सूचीतील चौकोन मात्र स्वतंत्र काढलेला, आणि त्यापुढे जुनाच मजकूर होता – ‘पॉलिश कोटा’. गवंड्याच्या हाती संगणक नसतो, छापील कागद असतो. त्याने सूची वाचली आणि दोन न्हाणीघरांत गुळगुळीत फरशी बसविली. बाळंतिणीने ओल्या पायांनी चालावयाची ती जागा! प्रसूतिगृह सुरू होण्याआधी हे ध्यानात आले म्हणून बरे. फरशी उखडून पुन्हा घालावी लागली.

सूची करण्यास बसण्यापूर्वी कोणत्या फरश्यांना स्वतंत्र खूण द्यावयाची हे ठरवावे लागते. आपल्याकडील फरश्या गावांची नावे घेऊन येतात हे भूगोलाच्या विद्यार्थ्याला मौजेचे वाटेल: शहाबाद कर्नाटकातले, कोटा राजस्थानातले, कडप्पा आंध्रातला, तंदूर तेलंगणातले. पण नुसते गावाचे नाव पुरत नाही. माझी कसोटी अशी, की जेथे दुकानातून वेगळी वस्तू आणावी लागेल किंवा गवंड्याला हात वेगळा चालवावा लागेल, तेथे खूण वेगळी. पॉलिश कोटा आणि खडबडीत कोटा या दोन नोंदी. तोच दगड पायरीसाठी जाड घ्यावयाचा असेल तर तिसरी. उलट, एकच व्हिट्रिफाइड लादी बैठकीच्या खोलीत आणि शयनगृहात असेल तर नोंद एकच. खोलीगणिक नोंदी वाढविल्या की सूची लांबते आणि कोणी वाचीत नाही.

हे ठरले, की प्रत्येक नोंदीसाठी प्रणालीत एक ‘मटेरिअल’ तयार करावयाचे. आधीच्या मटेरिअलची नक्कल करून नाव बदलणे सोपे पडते. या मटेरिअलला अनेक कप्पे असतात. आपल्या कामाचे तीन. ‘आयडेंटिटी’च्या कप्प्यात वर्णन आणि संकेतांक लिहावयाचा. ‘ग्राफिक्स’च्या कप्प्यात पृष्ठभागाची रेघोटी, म्हणजे पॅटर्न, निवडावयाचा. ‘अपिअरन्स’च्या कप्प्यात दगडाचे छायाचित्रासारखे रूप असते. नवशिका या तिसऱ्या कप्प्यात रमतो; संगमरवराच्या शिरा शोधीत तासभर घालवितो आणि नकाशा छापला की खोली कोरीच दिसते. कारण रेघांचा नकाशा ‘ग्राफिक्स’ पाहतो, ‘अपिअरन्स’ नव्हे. शिवाय मटेरिअलची नक्कल केली तरी हे रूप दोघांत सामाईकच राहते. एकाचे बदलले की दुसऱ्याचेही बदलते; म्हणून रूपाची नक्कल वेगळी करून घ्यावी.

पॅटर्न दोन जातींचे असतात. एक ‘मॉडेल’ जातीचा, तो खऱ्या मापाने चालतो; दुसरा ‘ड्राफ्टिंग’ जातीचा, तो कागदाच्या मापाने चालतो. ६०० मिलिमीटरची लादी १:१०० च्या नकाशात कागदावर ६ मिलिमीटर दिसते आणि १:५० मध्ये १२. अशा मोठ्या लादीला मॉडेल पॅटर्न द्यावा, म्हणजे सांधे खऱ्या जागी दिसतात. पण २५ मिलिमीटरचे चौकोनी तुकडे १:१०० मध्ये पाव मिलिमीटर होतात आणि छापल्यावर काळा डाग पडतो. त्यांना ठिपक्यांचा ड्राफ्टिंग पॅटर्नच बरा.

सूचीतील चौकोनाचे माप याच हिशेबातून ठरते. सूचीच्या दृश्याला स्वतःचे प्रमाण असते. ते ज्या नकाशासाठी सूची आहे त्याच्याइतकेच ठेवावे, नाहीतर नकाशातील लादी एक आणि सूचीतील दुसरीच दिसते. समजा, कागदावर २० बाय १० मिलिमीटरचा चौकोन काढला. १:१०० मध्ये तो २ मीटर बाय १ मीटर झाला. ६०० ची लादी ओळखू येते. १:५० मध्ये मात्र तो १ मीटर बाय अर्धा मीटर, म्हणजे एक पूर्ण लादीही मावत नाही. तेथे ४० बाय ३० चा चौकोन घ्यावा.

आता सूची भरण्याच्या पद्धती. पहिली ‘फिल्ड रीजन’ची. चौकोन काढून त्यात पॅटर्न ओतावयाचा आणि शेजारी मजकूर टंकित करावयाचा. ही झटपट होते, पण या चौकोनाचा मटेरिअलशी काही संबंध नसतो. प्रसूतिगृहाच्या नकाशात हेच झाले होते. दुसरी पद्धत ‘लेजंड कॉम्पोनंट’ची. तीत जमिनीचा प्रकारच उचलून सूचीत ठेवतात. मटेरिअलचा पॅटर्न बदलला की सूचीतही आपोआप बदलतो. मात्र शेजारचा मजकूर येथेही हातानेच लिहावा लागतो. तिसरी पद्धत तक्त्याची, ज्याला ‘मटेरिअल टेकऑफ’ म्हणतात. जमिनींचा तक्ता मागवून त्यात संकेतांक, वर्णन आणि क्षेत्रफळ हे रकाने घ्यावयाचे. संकेतांक ‘एफ’ने सुरू होणाऱ्याच ओळी दिसाव्यात अशी चाळणी लावली, की खालचे काँक्रीट आणि गिलावा गळून पडतो. मजकूर थेट मटेरिअलमधून येत असल्याने तो शिळा होत नाही. परंतु तक्त्यात पॅटर्न उमटत नाही. चित्र जोडता येते, पण तेही वेगळे करून ठेवलेले, म्हणजे पहिल्या पद्धतीचा दोष पुन्हा आलाच.

माझ्या मते दुसरी आणि तिसरी पद्धत शेजारीशेजारी मांडावी. डावीकडे लेजंड कॉम्पोनंटचे चौकोन, प्रत्येकाखाली फक्त संकेतांक. उजवीकडे त्याच क्रमाने लावलेला तक्ता, त्यात वर्णन आणि क्षेत्रफळ. हाताने लिहावयाचे ते एवढे ‘एफ-१’, ‘एफ-२’. नकाशात प्रत्येक खोलीत ‘मटेरिअल टॅग’ टेकवावा. तोही संकेतांक मटेरिअलमधूनच उचलतो. यासाठी पथ्य एकच. दिलेला संकेतांक पुन्हा बदलावयाचा नाही. ‘एफ-३’ रद्द झाला तर ती जागा रिकामी राहू द्यावी, पुढच्यांना वर सरकवू नये. साइटवर जुन्या प्रती भिंतीला टाचलेल्या असतात, आणि कालचा ‘एफ-४’ आज ‘एफ-३’ झाला तर दोन गवंडी दोन फरश्या घालतील.

रंगांचा मोह आवरावा. पडद्यावर निळी-गुलाबी सूची सुरेख दिसते, पण साइटवर जाणारी प्रत बहुधा काळी-पांढरी झेरॉक्स असते, आणि तिच्यात निळा व गुलाबी दोन्ही सारखेच राखाडी होतात. लादी कोणत्या कोपऱ्यातून सुरू करावयाची हेही सूची सांगू शकत नाही. त्यासाठी नकाशातच पॅटर्न सरकवून दाराच्या उंबऱ्याशी जुळवावा आणि आरंभबिंदूवर बाण काढावा, म्हणजे कापलेले तुकडे कपाटाखाली जातात.

सूची पूर्ण झाल्यावर मी तिची एक काळी-पांढरी प्रत काढतो आणि हे काम ठाऊक नसलेल्या मित्राला देऊन विचारतो, न्हाणीघरात काय बसणार? त्याला उत्तर देण्यास अर्ध्या मिनिटाहून अधिक लागले, तर चौकोन पुन्हा मांडावयास घेतो.