ठिपक्यांची नवी मांडणी

बमरोली, पांडेसरा, उधना या भागांत यंत्रमागाचा खडखडाट न ऐकलेले मूल विरळाच. खानदेशातून सुरतेस येऊन स्थायिक झालेल्या आमच्यापैकी कित्येक कुटुंबांचा चरितार्थ कापडावरच चालतो. परंतु कापड तयार झाले म्हणजे विकले गेले, असे नव्हे. दूरच्या गावचा व्यापारी पुष्कळदा प्रथम पाहतो ती साडी नव्हे, तर साडीचे छापील चित्र. चित्रावरून मागणी नोंदवली आणि माल निराळ्या रंगाचा निघाला, तर गठ्ठे परत येतात. म्हणून ते चित्र कागदावर कसे उमटते, हे आपण समजून घेऊ.

ऑफसेट यंत्राला फिकी शाई ठाऊक नाही. प्लेटच्या एखाद्या जागी शाई लागते किंवा लागत नाही. मग साडीचा हलका गुलाबी रंग येतो कोठून? छपाई भिंगाखाली धरली की उत्तर सापडते. तेथे शाईचे बारीक ठिपके असतात, मधून कोरा कागद दिसतो आणि डोळा दोहोंची मिसळ करून फिकी छटा पाहतो. यालाच हाफटोन म्हणतात. जर्मनीत गेऑर्ग मायझेनबाख यांनी १८८२ साली या कृतीचे पेटंट घेतले. आपले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी याच चित्रछपाईच्या व्यवसायात होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

जुन्या पद्धतीत ठिपके रांगोळीच्या ठिपक्यांप्रमाणे सारख्या अंतरावर मांडलेले असतात. छटा गडद हवी तेथे ठिपका मोठा, फिकी हवी तेथे लहान. एका इंचात १५० ओळी धरल्या, तर दोन ठिपक्यांच्या मध्यांतील अंतर सुमारे ०.१७ मिलिमीटर भरते. रंगीत चित्रास चार शाया लागतात, म्हणून जाळ्याही चार. त्या एकीवर एक कशाही पडल्या तर चित्रावर लाटा उमटतात. घरी दोन विरळ कापडांचे पदर एकमेकांवर ठेवून किंचित फिरवा. तशाच लाटा दिसतील. या दोषाला म्वारे म्हणतात, आणि मौज अशी की हे फ्रेंच नाव मूळचे पाणीदार लाटांच्या रेशमी कापडाचेच! तो टाळण्यासाठी जाळ्या १५, ४५, ७५ व ० अशा निरनिराळ्या अंशांत तिरप्या ठेवतात.

पण साडीचे चित्र छापताना पाचवी जाळी येते. ती म्हणजे कापडाचा ताणाबाणा. विणीची घनता आणि ठिपक्यांच्या ओळी जवळ जवळ जुळल्या की विणकराने कधीही न विणलेले पट्टे पदरावर दिसू लागतात.

नव्या पद्धतीत जाळीच नाही. सर्व ठिपके एकाच मापाचे, बहुधा ०.०२ मिलिमीटरचे, आणि विखुरलेले. गडद जागी त्यांची संख्या अधिक, फिक्या जागी कमी. धुळीच्या अंगणात वळवाचे पहिले थेंब पडतात, तशी ही मांडणी. जर्मनीतील डार्मस्टाट येथे तिचा अभ्यास झाला आणि १९९३ च्या सुमारास ती बाजारात आली. जाळीच नसल्याने ताण्याबाण्याशी तिची गाठ पडत नाही व झालरीचे बारीक धागेही सुटे दिसतात.

मग सर्वांनी ती तत्काळ का स्वीकारली नाही? येथे थोडे गणित करावे. ०.२ मिलिमीटर बाजूचा एक चौरस घ्या. त्याची परिमिती ०.८ मिलिमीटर. त्याच क्षेत्रफळाचे ०.०२ मिलिमीटरचे शंभर चौरस केले, तर एकूण परिमिती ८ मिलिमीटर, म्हणजे दहापट! शाई पसरते ती कडेने. समजा, ती प्रत्येक बाजूची लांबी ०.००४ मिलिमीटरने वाढवते. मोठा चौरस सुमारे ४ टक्क्यांनीच वाढेल. लहान चौरस मात्र ४४ टक्क्यांनी. जुनी आकडेवारी तशीच ठेवून नव्या पद्धतीने छापल्यास मोतिया साडी मळकट दिसते, ती याचमुळे.

उपाय आहे, पण त्याला श्रम लागतात. छटांची पट्टी प्रथम तशीच छापावी, घनतामापकाने प्रत्येक छटा मोजावी आणि किती वाढ झाली ते पाहून प्लेटवरील ठिपके आधीच तितके कमी करावेत. कागद वा शाई बदलली की हे पुन्हा करणे आले. फिल्मवरून प्लेट करण्याच्या काळात एवढा बारीक ठिपका धुळीच्या कणानेही नाहीसा होई. कित्येक छापखान्यांनी त्यामुळेच ही पद्धत हाती घेऊन सोडली. लेसरने थेट प्लेटवर ठिपके उमटू लागल्यावर ती अडचण पुष्कळ कमी झाली.

तरी सपाट रंगाची पार्श्वभूमी किंवा मानवी चेहरा या पद्धतीने कधी कधी रवाळ दिसतो. तेथे जुनी जाळी अजून सरस, असे आमचे मत आहे. शिवाय आजच्या कॅमेऱ्यातही प्रकाशग्राही बिंदूंची जाळीच असते. लाटा छायाचित्रातच उमटल्या असतील, तर ठिपके कसेही मांडले तरी त्या जाणार नाहीत; साडी किंचित जवळून किंवा निराळ्या कोनातून पुन्हा टिपावी लागते.